नाव विसरलेलं यंत्र

पानिपत शिकवताना लढाईचा भाग मी जरा लवकर आटपत असे आणि लढाईनंतरच्या भागावर रेंगाळत असे. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळनंतर सदाशिवरावभाऊ कुणाला दिसले नाहीत. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय की रणांगणावर शिर नसलेलं एक धड सापडलं आणि अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचं ठरवण्यात आलं. पुण्यात हे सगळ्यांच्या गळी उतरलं नाही. पार्वतीबाईंनी तर स्वतःला कधी विधवा मानलंच नाही असं सांगतात. आणि जिथे अशी शंका शिल्लक राहते तिथे तोतया येतोच! काही वर्षांत उत्तरेकडे एक माणूस उभा राहिला आणि मीच भाऊ म्हणू लागला. सुखनिधान नावाचा हा कनोजा ब्राह्मण. चौकशी होऊन तो कैदेत पडला, पण १७७६ साली रत्नागिरीहून सुटला आणि बघता बघता कोकणात त्याच्यामागे फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला मारण्यात आलं. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावरचं.

वर्गात दरवर्षी एक तरी मुलगा उठून विचारायचा, "सर, पण तोंड बघून कळलं नाही का?" मी म्हणायचो, "अरे, पंधरा वर्षांनी परत आलेल्या माणसाचं तोंड तू कशाशी ताडून बघणार? फोटो नाही, बोटांचे ठसे नाहीत, आणि ओळखणारी निम्मी माणसं पानिपतावरच राहिली." मग वर्ग गप्प व्हायचा. ओळख ही नुसती माणसाच्या अंगावर नसते, ती दुसर्‍या कुणाच्या तरी आठवणीत नाहीतर कागदात असावी लागते, आणि दोन्ही ताडून बघता यावी लागतात. एवढं मुलांच्या डोक्यात गेलं की माझा तास सार्थकी लागला असं मी समजत असे.

यंदाच्या श्रावणात हा तास मला स्वतःलाच पुन्हा आठवला, तो एका लॅपटॉपमुळे.

सहा वर्षांपूर्वी मुलाने घेऊन दिलेला लॅपटॉप एका सकाळी चालूच होईना. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. दुकानदाराने निदान केलं की मदरबोर्ड गेला. म्हटलं, बदला. लॅपटॉप आठ दिवसांनी घरी आला. बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी. त्यांचा अर्थ असा, की या यंत्राचा प्रकार आणि अनुक्रमांक अवैध आहे, आणि या यंत्राची ओळखखूणही अवैध आहे. लॅपटॉप उलटा करून बघितला तर पोटावरच्या चिकटपट्टीवर अनुक्रमांक स्वच्छ छापलेला! अंगावर नाव गोंदलेलं आहे पण विचारलं तर सांगता येत नाही, अशी त्याची गत. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "काका, एस्केप दाबा आणि पुढं जा. काम होतंय ना?"

पुढे जाऊन बघितलं तर पुढे दुसरी भिंत. डिस्क कुलूपबंद होती आणि ४८ आकडी किल्ली मागत होती. त्या डिस्कवर आमच्या गावच्या शाळेचा इतिहास लिहिण्यासाठी मी जमवलेले सगळे कागद आहेत. जुन्या जनरल रजिस्टरांची पानं, निवृत्त मुख्याध्यापकांच्या आठवणी, ज्यांतले तिघे आता हयात नाहीत. त्यामुळे ‘काम होतंय ना’ या उत्तरावर माझं समाधान होण्यासारखं नव्हतं.

यंत्राला मुळात नाव हवं कशाला, असा प्रश्न इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला पडणारच. मग पुतण्याला दोन-तीन रविवार छळलं, बरंच वाचलं, आणि हाती जे लागलं ते तोतयाच्या प्रकरणाइतकंच रंजक निघालं.

सुरुवात १९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात होते. बॉब मेटकाफ यांनी संगणकांना एकाच तारेवर आणून बोलतं करण्याची योजना मांडली, तिचं नाव इथरनेट. त्या पहिल्या इथरनेटमध्ये यंत्राचा क्रमांक आठ बिटांचा होता. म्हणजे एका तारेवर अडीचशेच्या आसपास यंत्रं, आणि क्रमांक त्या तारेपुरताच खरा. वर्गातल्या हजेरी क्रमांकासारखं हे. पाचवी ‘अ’ मधला बारा नंबर आणि पाचवी ‘ब’ मधला बारा नंबर वेगळे. मुलगा तुकडी बदलला की नंबर बदलला.

हा हिशेब मोडणार्‍यांत एक नाव आपल्या ओळखीच्या मुलखाशी जोडलेलं आहे. योगेन दलाल. मुंबईच्या, पवईच्या आयआयटीतून १९७२ साली बी.टेक. होऊन ते स्टॅनफर्डला गेले. इंटरनेटच्या मूळ नियमावलीचा पहिला तपशीलवार मसुदा डिसेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाईन यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. नंतर ते झेरॉक्समध्ये आले. तिथे त्यांनी आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ साली एक निबंध लिहिला. त्यातली मुख्य कल्पना अशी, की यंत्राचा क्रमांक ४८ बिटांचा असावा, तो सगळ्या जगात एकमेव असावा, आणि तो यंत्र कुठे आहे यावर अवलंबून नसावा. थोडक्यात, नाव वेगळं आणि पत्ता वेगळा. घर बदललं म्हणून माणसाचं नाव बदलत नाही, तसं यंत्राचंही बदलू नये. झेरॉक्स, डिजिटल आणि इंटेल या तीन कंपन्यांनी ३० सप्टेंबर १९८० ला इथरनेटचं जे प्रमाण प्रसिद्ध केलं त्यात हेच ४८ बिट होते. त्यातून २८१ लाख कोटींहून जास्त क्रमांक निघतात. निम्मे, म्हणजे २४ बिट, कंपनीला नेमून द्यायचे आणि उरलेल्या निम्म्यांत कंपनीने आपल्या यंत्रांना क्रमाने नावं ठेवायची. आपल्याकडे आडनाव आणि नाव असतं तसं. आज तुमच्या-आमच्या घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला हा मॅक क्रमांक असतो, तो याच वंशातला.

नाव ठेवण्याची सोय झाली. पण ते ठेवायचं कुठे, यंत्राच्या कोणत्या अवयवात? हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

सन मायक्रोसिस्टिम्स नावाची कंपनी १९८२ साली निघाली. तिच्या वर्कस्टेशनांमध्ये यंत्राची ओळख एका छोट्या चिपमध्ये असायची. मजा म्हणजे ही चिप खोबणीत बसवलेली, उपसून काढता येणारी होती! मुख्य बोर्ड बिघडला की दुरुस्ती करणारा जुन्या बोर्डावरून ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवायचा. अंग नवं, पण नाव जुनं. महागडी सॉफ्टवेअरं त्या ओळखीवरच चालायची, त्यामुळे ही काळजी घ्यावीच लागे. जुन्या वाड्याचं नव्याने बांधकाम करताना आपण देव्हार्‍यातले टाक हलवून नव्या देव्हार्‍यात ठेवतो, तसंच काहीसं. पण याही युक्तीला एक खोट होती. नंतरच्या यंत्रांत त्या चिपच्या पोटातच छोटी बॅटरी असायची. साधारण दहा वर्षांनी ती संपली की यंत्र स्वतःचं नाव विसरायचं, आणि ओळखीच्या चिपमधला मजकूर अवैध आहे असा संदेश पडद्यावर यायचा. जुनी सन यंत्रं जपणारे शौकीन आजही हातानं एकेक आकडा भरून त्यांना नाव परत देतात.

तिकडे अपोलो नावाच्या दुसर्‍या एका कंपनीने आणखी वेगळा विचार केला होता. नाव देणारी मध्यवर्ती कचेरी कशाला हवी? यंत्राचा क्रमांक आणि त्या क्षणाची वेळ एकत्र केली तर जे नाव तयार होईल ते दुसर्‍या कुणाचं असूच शकणार नाही. या विचारातून पुढे १२८ बिटांची ओळखखूण आली, तिला यूयूआयडी म्हणतात. तिचं प्रमाण जुलै २००५ मध्ये इंटरनेटच्या नियमावलीत लिहिलं गेलं आणि मे २०२४ मध्ये ते सुधारून पुन्हा लिहिलं गेलं. त्यातल्या पहिल्या प्रकारात वेळ मोजायची ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या दहापटीत वगैरे नाही हं, थेट एक कोटीव्या भागात! आणि मोजायची कधीपासून? १५ ऑक्टोबर १५८२ पासून.

ही तारीख वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. मंडळी, इतिहासाच्या शिक्षकाला ही तारीख अनोळखी नाही. पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली तेव्हा ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारनंतर एकदम १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. मधले दहा दिवस कुणीच जगलं नाही. सलग मोजता येईल असा काळ नव्या दिनदर्शिकेच्या पहिल्या दिवसापासून धरावा, म्हणून संगणकवाल्यांनी तो दिवस उचलला. आणि या पद्धतीची मोजणी इसवी सन ३४०० च्या सुमाराला फिरून येईल, असंही त्या २००५ च्या प्रमाणात लिहून ठेवलंय. पुढच्या चौदाशे वर्षांच्या बारशांची सोय!

आता परत लॅपटॉपकडे येऊ. आयबीएमने १९९२ साली थिंकपॅड आणला, २००५ मध्ये तो विभाग लेनोव्होकडे गेला. त्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिकांत चुकांचे क्रमांक दिलेले असतात. त्यातला २२०० म्हणजे यंत्राचा प्रकार आणि अनुक्रमांक अवैध. २२०१ म्हणजे यूयूआयडी अवैध. इतर कंपन्यांच्या लॅपटॉपांत शब्द आणि क्रमांक वेगळे, पण दुखणं हेच. कारण असं, की लॅपटॉपमध्ये ओळखीची चिप उपसून काढता येत नाही, ती बोर्डावरच झाळलेली असते. बोर्ड गेला की नाव त्याच्याबरोबर गेलं. आणि सुटा भाग म्हणून येणारा नवा बोर्ड कोणत्या लॅपटॉपमध्ये बसणार हे कारखान्याला माहीत नसतं, म्हणून तो कोरा येतो. बोर्ड बसवणार्‍यानेच त्यावर नाव लिहायचं असतं. पूर्वी त्यासाठी फ्लॉपी असायची, आता पेनड्राइव्ह. त्यावरून यंत्र सुरू करायचं, लॅपटॉपच्या पोटावरच्या चिकटपट्टीवरचा प्रकार आणि अनुक्रमांक जसाच्या तसा भरायचा, मग यूयूआयडी तयार करण्याचा पर्याय निवडायचा. झालं. दहा मिनिटांचं काम.

त्या पुस्तिकांत एक बारीक सूचना असते. बोर्डावर आधीच वैध यूयूआयडी असेल तर तो पुसून नवा लिहिला जाणार नाही. बर्‍याच कंपन्यांच्या बोर्डांवर अनुक्रमांकही एकदा लिहून बंद केला की बाहेरच्या माणसाला बदलता येत नाही. हे वाचताना मला मोडी कागद आठवले. शिवकाळापासूनच्या पत्रांत वर मुद्रा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. मोर्तब झालं की त्याखाली कुणी एक ओळ वाढवू शकत नसे. आपण शिक्कामोर्तब म्हणतो ते हेच. कोर्‍या कागदावर लिहायची मुभा, पण लिहून झाल्यावर बदलायची नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या चिटणिसाला जे कळलं होतं तेच आज लॅपटॉप बनवणार्‍याला कळलंय.

ही सावधगिरी कशासाठी, ते आपण आपल्या देशातच पाहिलंय. मोबाइलला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो, आठवतो ना? चांदणी, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो तो. त्या काळी बाजारात लाखो स्वस्त फोन असे आले होते की त्यांना हा क्रमांकच नव्हता, किंवा सगळ्यांना शून्यच शून्य होतं. सुरक्षेच्या कारणासाठी सरकारने ठरवलं आणि १ डिसेंबर २००९ पासून अशा फोनांची सेवा बंद झाली. त्याआधी काही महिने अधिकृत केंद्रांवर फोनमध्ये खरा क्रमांक भरून देण्याची मोहीम चालली होती. माणसं आपापले फोन घेऊन बारशाला रांगेत उभी! पुढे चोरीच्या फोनचं नाव बदलून देणारेही निघाले, तेव्हा २०१७ मध्ये नियम झाले आणि आयएमईआय बदलणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. नाव लिहिणारं आणि नाव बदलणारं हत्यार एकच असतं. फरक हातात असतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९९ साली इंटेलने पेंटियम तीन या प्रोसेसरमध्येच एक अनुक्रमांक घातला, जो सॉफ्टवेअरला वाचता येत असे. अमेरिकेत लोक खवळले. यंत्राचं नाव कळलं की त्यापुढे बसलेल्या माणसाचा माग काढता येईल, असं खाजगीपणाचा आग्रह धरणार्‍या संघटनांचं म्हणणं होतं, आणि त्यांनी बहिष्काराची हाक दिली. इंटेलला तो क्रमांक बंद ठेवण्याची सोय द्यावी लागली आणि पुढच्या पिढ्यांतून तो गेलाच. नाव असावं, पण कुणीही यावं आणि विचारावं असं नसावं. आपल्याकडच्या जुन्या बायका परक्याला मुलाचं नाव पटकन सांगत नसत, त्याची आठवण झाली.

असो. माझ्या लॅपटॉपचं काय झालं ते सांगतो.

डिस्कच्या कुलुपाची किल्ली जुन्या बोर्डावरच्या एका सुरक्षा चिपमध्ये होती. नव्या बोर्डाला ती ठाऊक नव्हती, म्हणून डिस्क त्याला परका समजत होती. हे तिचं वागणं बरोबरच. चोराने डिस्क काढून दुसर्‍या यंत्रात घातली तर तिने असंच वागायला हवं. अशा वेळी उपयोगी पडते ती ४८ आकडी किल्ली. सूनबाईने लॅपटॉप नवा असतानाच ती छापून दिली होती आणि मी ती विम्याच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात ठेवली होती. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. पुतण्याने सांगितलं, "काका, प्रत्येक गटाला अकरानं भाग जातो. म्हणजे एखादा आकडा चुकीचा दाबलात तर त्याला लगेच कळतं." मला राहवेना. कागद घेऊन बसलो, एकाआड एक आकड्यांच्या बेरजा केल्या, वजाबाकी केली. आठही गटांना खरोखर भाग गेला! अकराची कसोटी आपण पाचवी-सहावीत शिकवतो, मुलं विचारतात याचा उपयोग काय. घ्या उपयोग. किल्ली भरली, डिस्क उघडली, रजिस्टरांची पानं जागच्या जागी होती. विंडोजनेही मी हाच जुना मालक हे खात्यावरून मान्य केलं.

नाव लिहायचं मात्र बाकी होतं. त्यासाठी गावातल्याच दुसर्‍या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो निघाला माझाच विद्यार्थी, आता पन्नाशीचा. पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्याने पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप उलटा करून मला म्हणाला, "सर, तुम्ही वाचा, मी लिहितो." मी शुद्धलेखन घालावं तसं एकेक अक्षर सांगितलं, त्याने भरलं, परत मला वाचून दाखवलं, मग नक्की केलं. यंत्र बंद करून चालू केलं. त्या दोन ओळी गेल्या.

मी विचारलं, "पहिल्या दुकानदाराने हे का केलं नसेल रे?" तो म्हणाला, "सर, त्यानं निदान कोरा बोर्ड तरी घातला. काही जण मेलेल्या लॅपटॉपमधला जुना बोर्ड काढून घालतात. मग एररच येत नाही." आणि हसला. हसण्याचा अर्थ मला जरा उशिरा उमगला. जुन्या बोर्डावर जुन्या लॅपटॉपचं नाव शाबूत असतं. नव्या घरात बसल्यावरही यंत्र ठणकावून तेच नाव सांगतं. पडद्यावर काही तक्रार नाही, सगळं सुरळीत. पण पोटावरच्या पट्टीवर एक नाव आणि आत दुसरं. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप अशा ओळखीवरून नोंदवून ठेवतात. तसला नोंदवलेला बोर्ड फिरत फिरत तुमच्याकडे आला, तर विंडोज नव्याने टाकताना तुमचाच लॅपटॉप कुठल्या तरी परक्या कंपनीचं खातं मागायला लागतो!

म्हणजे ज्या दोन ओळींनी मला वैताग दिला त्या खरं तर प्रामाणिक होत्या. मला माझं नाव माहीत नाही, असं ते यंत्र सांगत होतं. न सांगता दुसर्‍याच्या नावाने वावरणारं यंत्र म्हणजे तोतया. तेव्हा लॅपटॉपचा बोर्ड कुणाला बदलावा लागला तर तीन गोष्टी कराव्यात, असं आपलं माझं सांगणं. पोटावरच्या पट्टीचा फोटो आजच काढून ठेवा, ती घासून पुसट होते. डिस्कची किल्ली कागदावर छापून ठेवा. आणि दुरुस्तीनंतर आतला क्रमांक पट्टीशी ताडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

या सगळ्या वाचनात एक बारकावा मात्र माझ्या मनातून जात नाही. बोर्डावर यूयूआयडी कसा नोंदवावा याचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यात ओळखखुणेची सोळा घरं असतात. सगळ्या घरांत शून्य असेल तर त्याचा अर्थ, या यंत्राला अशी ओळखच नाही. आणि सगळ्या घरांत सर्वांत मोठा आकडा असेल तर अर्थ वेगळा, ओळख अजून दिलेली नाही पण देता येईल. नसण्याचेही दोन प्रकार त्यांनी नोंदवून ठेवलेत. निनावी कायमचा आणि निनावी तूर्तास.

आमच्या रजिस्टरात ही सोय नव्हती. डिस्कवरची ती पानं आता पुन्हा वाचतोय. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची नोंद. नाव, बापाचं नाव, जात, आणि जन्मतारखेचा रकाना. शेतातून मुलाचा हात धरून आलेल्या बापाला विचारलं, कधीचा जन्म? तो सांगणार, मोठ्या पावसाच्या वर्षी, बेंदराच्या आसपास. त्या रकान्यात हे मावत नव्हतं आणि तो रकाना कोरा सोडायची पद्धत नव्हती. शाळा जूनमध्ये सुरू होणार, वय तेव्हा पुरं झालेलं दिसायला हवं. मग गुरुजी लिहीत, १ जून. एका पानावर मी मोजले, बावीस मुलांपैकी चौदा जणांचा वाढदिवस १ जून! महाराष्ट्रात अशी माणसं किती असतील याचा अंदाज हवा असेल तर ३१ मे ला कोणत्याही सरकारी कचेरीत जाऊन बघा. १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे त्या दिवशी हारतुरे पुरत नाहीत.

मुलगा शाळा सोडून गेला की ती नोंद बदलणं जवळजवळ अशक्य. शिक्कामोर्तब! मग तीच तारीख दाखल्यावर, तीच नोकरीच्या पुस्तकात, तीच आधार कार्डावर. गुरुजींनी दौतीत टाक बुडवून एका क्षणात केलेल्या अंदाजाबरहुकूम माणसं नोकरीला लागली, निवृत्त झाली, आणि त्यांची नातवंडं आता त्याच दिवशी केक कापून टाळ्या वाजवतात.

माझा तो विद्यार्थीही १ जूनचाच. पावती लिहिताना मी सहज विचारलं, "खरी तारीख कधीची रे?" तो म्हणाला, "आई सांगायची, दिवाळी झाल्यावर, ऊस तुटायला आला तेव्हा. आता आई नाही सर. कुणाला विचारणार?"